त्याच वाइनला डिसेंबरात आठ, मेमध्ये चार: गुण द्यायचे कसे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावावरून हा प्रश्न आला आहे. सहा मित्र महिन्यातून एकदा जमतात, चार बाटल्या आणतात, प्रत्येकीला दहापैकी गुण देतात आणि वहीत लिहून ठेवतात. नाशिकच्या शिराझ या एकाच रेड वाइनला त्यांनी डिसेंबरात आठ दिले आणि मेमध्ये चार. ऑस्ट्रेलियाची सतराशेची बाटली साडेसहाशेच्या देशी बाटलीपुढे हरली. त्यांचं विचारणं असं: आपल्याला चव कळत नाही का? निरनिराळ्या प्रदेशांच्या वाइनला साध्या जेवणासोबत पिणाऱ्या माणसासाठी गुण कसे द्यायचे? आणि वाइनच्या इंग्रजी वर्णनांत येणारी गूजबेरी, ब्लॅककरंट ही फळं कधी पाहिलीच नसतील तर मराठीत लिहायचं काय?

चव तुम्हाला कळते. मेमध्ये चार दिलेत तेव्हा तुमच्या पेल्यात खरंच चार गुणांची वाइन होती. लेबल डिसेंबरातलंच होतं, पण वाइन त्या अवस्थेत उरली नव्हती. तुमची खरी अडचण गुण देण्याची नाहीच. तापमान, पेला, क्रम आणि सोबतचं खाणं दर वेळी वेगळं असताना तुम्ही आकडे एका रांगेत लिहिताय, ही अडचण आहे. आधी अटी सारख्या करा. मग दहापैकी द्या, वीसपैकी द्या, ते दुय्यम आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. दुकानदार माल कुठे ठेवतो, संध्याकाळी वीज टिकते का, तुमच्यापैकी कितीजण खर्रा (सुपारी-तंबाखू) खातात, जेवणात सावजी रस्सा आहे की साधं वरण, यावर माझं उत्तर बदलेल. जिथे बदलेल तिथे तसं लिहिते. एक गोष्ट सगळ्यांना लागू आहे: वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथल्या मित्राकडे बैठक ठेवू नका आणि बाटल्या घेऊन तिकडून जाऊही नका. इतर जिल्ह्यांत परवाना आणि वयाची अट पाळा.

आता डिसेंबर आणि मे. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला युरोपातल्या जुन्या दगडी घरांतून आला आहे, जिथे खोली 16 ते 18 अंशांवर असायची. यवतमाळला डिसेंबरच्या रात्री तुमची खोली आपोआप त्याच्या जवळपास येते. मेमध्ये रात्री आठ वाजताही ती 35-36 अंशांवर असते. एवढ्या उकाड्यात अल्कोहोलची वाफ आधी नाकात चढते आणि फळाचा वास तिच्याखाली दबतो. गोडसरपणा वाढल्यासारखा लागतो, आंबटपणा मऊ पडतो, शिराझ उकळलेल्या जांभळाच्या पाकासारखी चिकट वाटते. म्हणजे आठाचे चार होण्यातला मोठा वाटा नुसत्या तापमानाचा असू शकतो.

म्हणून स्वयंपाकघरातला एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि प्रत्येक नोंदीत तापमान लिहा. पांढरी आणि रोझे (गुलाबी) 9 ते 11 अंश, रेड 16 ते 17, फेसाळती 6 ते 8. मेमध्ये 36 अंशांची बाटली फ्रिजमध्ये ठेवलीत तर रेडला साधारण दोन तास लागतात, पांढरीला चार तासांहून जास्त. पांढरी आदल्या रात्रीच ठेवलेली बरी. वीज गेली तर बादलीत अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी घ्या, बाटली मानेपर्यंत बुडवा. रेड आठ-दहा मिनिटांत जागेवर येते, पांढरी वीस मिनिटांत. नुसत्या बर्फात खुपसू नका, बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि वेळ दुप्पट लागतो. ओलं गोणपाट गुंडाळून बाटली कूलरसमोर ठेवण्याची युक्ती एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चांगली चालते, पण 25-26 अंशांच्या खाली फारशी नेत नाही. रेडसाठी ती सुरुवात म्हणून ठीक. ऑगस्टच्या दमट हवेत तिचा काही उपयोग नाही. आणि पेल्यात एका वेळी 50 मिलीच ओता. त्या खोलीत वाइन पाच-सात मिनिटांत पुन्हा तापायला लागते.

तापमानाशिवाय दुसरी शक्यता अशी, की मेमधली ती बाटली तुमच्या हातात येण्याआधीच भाजली होती. नाशिकहून तुमच्याकडे ट्रकने येईपर्यंत, मग गोदामात आणि मग पश्चिमेच्या काचेच्या कपाटात तिने काय सोसलं ते लेबल सांगत नाही. 20 अंशांवरून 40 अंशांवर गेली की 750 मिली वाइन फुगून जवळपास पाच मिलीने वाढते. बूच असलेल्या बाटलीत हा दाब बुचाला वर ढकलतो. वाइन झिरपते, थंड झाल्यावर तेवढीच हवा आत शिरते. दुकानातच पाहता येतं: बूच बाटलीच्या तोंडापेक्षा वर आलंय का, वरच्या वेष्टणाखाली चिकट ओघळ आहे का, वाइनची पातळी शेजारच्या बाटलीपेक्षा खाली आहे का. देशी बाटल्यांना बहुतेक वेळा फिरकीचं झाकण असतं. तिथे बूच सांगायला नसतं, म्हणून काचेवर हात ठेवून पाहा. कोमट लागली तर मागच्या खोक्यातली मागा. पारदर्शक काचेतली रोझे उजेडातली घेऊच नका, उजेडाने तिचा वास कुजट होतो. शक्य असेल तर परीक्षेच्या बाटल्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत विकत घ्या.

इथे वर्षाचीही एक गोष्ट आहे. नाशिककडची वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. फ्रान्स-इटलीत तोड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, ऑस्ट्रेलिया-चिलीत साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. त्यामुळे लेबलवर 2023 लिहिलेली नाशिकची पांढरी वाइन 2023 च्या फ्रेंच वाइनपेक्षा सहा-सात महिन्यांनी म्हातारी असते. दोन्ही एका टेबलावर ठेवताना हे लक्षात असू द्या. आपल्या हवेत साधी पांढरी आणि रोझे तोडीपासून दीड-दोन वर्षांच्या आत संपवावी.

प्रदेशांच्या तुलनेत सगळ्यात जास्त अन्याय होतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. तुमच्याकडे आंबिया बहाराचा संत्रा आणि मृग बहाराचा संत्रा एकाच झाडाचा असून वेगळा लागतो, आणि मृगाच्या गोडीवरून आंबियाला कुणी नापास करत नाही. द्राक्षाचंही तसंच आहे. द्राक्ष पिकताना रात्री थंड असतील तर आंबटपणा टिकतो. दिवस-रात्र गरम असेल तर द्राक्षातलं मॅलिक आम्ल वेलच श्वसनात वापरून टाकतो आणि साखर भराभर चढते. साखर जास्त म्हणजे आंबवल्यावर अल्कोहोल जास्त. न्यूझीलंडच्या मार्लबरोत ऊन भरपूर पण हवा थंड असते, म्हणून तिथली सॉव्हिन्याँ ब्लाँ ही पांढरी वाइन जिभेला चिमटा काढते. नाशिकमध्ये दिंडोरीकडच्या द्राक्षाला जानेवारीतल्या थंड रात्री मिळतात, पण फेब्रुवारी सरताना आंबटपणा घसरू लागतो. अकलूज त्याहून कोरडं आणि तापट. बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या पायथ्याचे मळे उंचीवर असल्याने तिथलं हवामान सौम्य. अर्जेंटिनाच्या मेंडोझात मळे जवळपास हजार मीटरवर आणि त्याहून वर आहेत, म्हणून उन्हातलं माल्बेक हे रेडचं द्राक्षही ताजं राहतं.

म्हणून नाशिकच्या सॉव्हिन्याँकडून मार्लबरोइतका चिमटा मागू नका. पण 'आमच्याकडे गरमी असते' म्हणून सपक वाइनला सूटही देऊ नका. गरम प्रदेशातला चांगला वाइनमेकर द्राक्ष लवकर तोडतो, पहाटे तोडतो, टाकी थंड ठेवतो, गरज पडली तर आम्लाचं प्रमाणही सावरतो. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: या वाइनला जे व्हायचं होतं ते झालंय का, आणि तिच्यातला तोल शाबूत आहे का? तुलना द्राक्ष, शैली आणि किंमत यांच्या एकाच गटात करते: चार शिराझ, किंवा चार कोरड्या पांढऱ्या. चार देशांच्या चार वेगळ्या जाती एका रांगेत ठेवल्या की गुण सवयीला पडतात.

सतराशेची बाटली हरली याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं 150 टक्के मूळ आयात शुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला तेव्हा 5 ते 15 डॉलर आयात किमतीच्या बाटलीवरचं शुल्क 100 टक्क्यांवर आलं. त्यावर वाहतूक, राज्याचा कर आणि विक्रेत्यांचा वाटा. सतराशेतला बराचसा पैसा द्राक्षावर खर्च झालेलाच नाही. आपल्या हवेत ती बाटली बंदरापासून तुमच्या तालुक्यापर्यंत कशी आली तेही पाहायला हवं.

आता बैठक. सहा जण असाल तर एकाने त्या दिवशी फक्त ओतायचं, चाखायचं नाही. पाळी बदलत जा. त्याने दुसऱ्या खोलीत बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, झाकणं काढून ठेवायची आणि क्रमांक टाकायचे. 24 मे 1976 ला पॅरिसमध्ये वाइन विक्रेते स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांपुढे लेबलं झाकून वाइन ठेवल्या, तेव्हा रेड आणि पांढऱ्या दोन्हींत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. उघड्या लेबलांवर तो निकाल लागला नसता. रंगही तसाच फसवतो. बोर्दोमध्ये वाइन शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना वास नसलेला लाल रंग घातलेली पांढरी वाइन दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं; तो अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून माझ्या गुणपत्रकात रंगाला गुण नाहीत. रंग फक्त दोष ओळखायला पाहायचा: तरुण पांढरी वाइन तपकिरीकडे झुकली असेल तर सावध.

चार वाइन असतील तर पेले पाच भरा. पाचव्यात चारांपैकीच एक पुन्हा ओता, कुठली ते फक्त ओतणाऱ्याला माहीत. वाइन उत्पादक रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यातल्या स्पर्धेत हेच केलं. परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा दिली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात साधारण दहातला एकच परीक्षक तिन्ही वेळा एकाच पदकाच्या गटात बसतील असे गुण देत होता. अनुभवी माणसांची ही गत असेल तर आपण स्वतःला तपासायलाच हवं. ज्याचे जोडीच्या दोन पेल्यांचे गुण दोनपेक्षा जास्त वेगळे पडले, त्याचे त्या दिवसाचे गुण सरासरीत धरू नका. सर्दी, थकवा, जागरण, काहीही कारण असू शकतं. समीक्षक 100 पैकी गुण देतात, त्यांतल्या 91 आणि 92 मधला फरकही याच कारणाने फार मनावर घेऊ नये. बाटलीवरचं पदक पाहताना ते कोणत्या वर्षाच्या वाइनला मिळालंय हे वाचा, आणि स्पर्धेत वाइन पाठवायची की नाही हे उत्पादकच ठरवतो हेही ध्यानात ठेवा.

पाच चाखणारे, प्रत्येकी 50 मिली, म्हणजे एका वाइनचे 250 मिली जातात, जोडीतल्या वाइनचे 500. सगळं गिळलं तर प्रत्येकाच्या पोटात 250 मिली, म्हणजे तेरा टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे 25 ग्रॅम अल्कोहोल. शेवटच्या पेल्यापर्यंत न्यायबुद्धी हलते आणि शेवटची वाइन नेहमी जास्त आवडते. म्हणून घोट तोंडात घोळवून थुंकायचा. प्रत्येकाला एक तांब्या द्या. पहिल्यांदा अवघड वाटतं, दुसऱ्या बैठकीला सवय होते. थुंकलं तरी थोडं पोटात जातंच, तेव्हा परतताना गाडी न चाखणाऱ्याने चालवायची.

पेले काचेचेच हवेत. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि धातूचा वास मिसळतो. तोंडाकडे निमुळता होणारा पेला मिळाला तर उत्तम, नाहीतर सगळ्यांना एकसारखे साधे पाण्याचे ग्लास चालतील, पाव भागापेक्षा जास्त न भरता. साबण लावला असेल तर गरम पाण्याने तीनदा विसळा, फडक्याने न पुसता पालथे घालून निथळू द्या. फडक्याचा वास पेल्यात बसतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडत असतील तर शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्याने करा. ओतण्याआधी प्रत्येक रिकामा पेला हुंगा.

खोलीच्या वासाकडे आपल्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि तिथेच बैठक बिघडते. कूलरला नवी खसाची किंवा लाकडी भुशाची जाळी बसवली असेल तर पहिले काही दिवस सगळ्या वाइनला ओल्या गवताचा वास येतो. मार्च-एप्रिलमध्ये अंगणात मोहफुलं वाळत असतील तर तो गोड, उग्र वास खोलीभर असतो. फोडणी, उदबत्ती, फिनाइल, अत्तर, सगळं बंद. खर्रा खाणाऱ्यांनी निदान दोन तास आधी थांबावं, साध्या पाण्याने नीट चुळा भराव्यात. सुपारी स्वतः तुरट आहे, तिने टाळू बधिर झालेला माणूस कॅबर्ने या रेड वाइनचा तुरटपणा मोजू शकत नाही. दोन पेल्यांच्या मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे, किंवा ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा. चिवडा, फुटाणे, खारे शेंगदाणे नकोत. मीठ कडवटपणा लपवतं आणि वाईट वाइनही बरी लागते.

गुणांची विभागणी मी अशी करते. सगळ्यात आधी दोष. दोष असेल तर गुण द्यायचेच नाहीत, 'बाटली बिघडलेली' असं लिहायचं आणि जमलं तर त्याच वाइनची दुसरी बाटली आणायची. दोष नसेल तर वासाला 5, तोंडातल्या तोलाला 6, घोट गेल्यावर चव किती टिकते त्याला 3, आणि द्राक्षाची व प्रदेशाची ओळख पटते का याला 2. हे 16 झाकलेल्या बाटल्यांवर. मग बाटल्या उघड करून जेवायला बसायचं आणि उरलेले 4 जेवणासोबत कशी लागते त्याला. किंमत या वीसात मिसळत नाही. तिच्यासाठी शेवटी वेगळी ओळ: 'पुन्हा घेईन', 'कुणी दिली तर पिईन', 'नको'. किंमत वर्षागणिक बदलते. ती गुणांत मिसळली तर दोन वर्षांनी वही वाचून काहीच कळत नाही.

तोलाचे गुण सगळ्यांना अवघड जातात. आंबट, गोड, तुरट आणि अल्कोहोलची ऊब, यांतलं एखादं बाहेर येऊन बोचत असेल तर प्रत्येक बोचणीचा एक गुण वजा, फारच बोचलं तर दोन. यासाठी जिभेची तालीम घरच्या घरी होते. 200 मिली पाण्याच्या दोन ग्लासांत प्रत्येकी एक ग्रॅम, म्हणजे पाव चमचा, लिंबूसत्व घाला. हा आंबटपणा वाइनमधल्या नेहमीच्या आंबटपणाच्या जवळपास आहे. एका ग्लासात दोन चमचे साखर टाका. दोन्हींत आम्ल तेवढंच, तरी गोड ग्लास कमी आंबट लागेल. देशी शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये अनेकदा हेच घडतं: थोडी साखर राखलेली असते आणि आपण तिला 'मऊ' म्हणतो. नुसत्या गोडीने तोल होत नाही. गोडी सरल्यावर आंबटपणा तोंड स्वच्छ करतो का ते पाहा. तुरटपणासाठी एक चमचा चहापत्ती कपभर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि दूध-साखर न घालता चूळ भरा. हिरड्या ओढल्यासारख्या होतात, तो टॅनिनचा, म्हणजे तुरट द्रव्याचा स्पर्श. चव वेगळी आणि हा स्पर्श वेगळा, एवढं कळलं की रेड वाइनचं अर्धं काम झालं.

टिकणं सेकंदांत मोजा. थुंकल्यावर फळाची किंवा मसाल्याची चांगली चव तीन सेकंदांत गेली तर शून्य, पाचापर्यंत एक, नवापर्यंत दोन, दहाच्या पुढे तीन. नुसती घशातली आग किंवा कडवटपणा टिकला तर तो मोजायचा नाही.

दोष ओळखायला वासाची पेटी करा, आणि कापूस तुमच्याकडे भरपूर आहे. झाकणाच्या लहान बाटल्यांमध्ये कापसाचे बोळे: एकावर व्हिनेगर, एकावर नेलपॉलिश किंवा थिनर, एका बाटलीत पिशवीत दोन-तीन दिवस ओला ठेवलेला पुठ्ठा, एकात कापून काळं पडलेलं सफरचंद, एकात उकडलेल्या अंड्याचा बलक. व्हिनेगर आणि थिनरचा वास म्हणजे जिवाणूंनी वाइन आंबवली. ओला पुठ्ठा म्हणजे बुचाचा दोष. तो इतक्या सूक्ष्म मात्रेत जाणवतो, की बरेचदा पुठ्ठा कळत नाही, वाइन नुसती मुकी वाटते. काळं सफरचंद म्हणजे हवा लागली. अंड्याचा वास गंधकाचा, हा एकच दोष कधीकधी जातो: पेला दहा मिनिटं हलवत राहा, गेला तर पुढे चाला. फिरकीच्या झाकणाखाली तो जरा जास्त आढळतो.

पेटीच्या दुसऱ्या अर्ध्यात चांगले वास, आणि इथेच तुमच्या मराठी वर्णनाचं उत्तर आहे. गूजबेरी शोधायची गरज नाही. ढोबळी मिरचीत जो रेणू असतो त्याच कुळातला रेणू सॉव्हिन्याँ आणि कॅबर्नेत असतो, म्हणून 'ठेचलेली हिरवी ढोबळी मिरची' हे वर्णन अगदी नेमकं आहे. शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या ज्या द्रव्यामुळे येतो, तेच काळ्या मिरीत आहे. शार्डोने या पांढऱ्या वाइनमधला लोण्याचा वास डायअ‍ॅसिटिलचा, तो लोण्यात आणि ताकातही असतो. हे उपमेसाठी घेतलेले शब्द नाहीत, पदार्थच एक आहे. बाकी तुमच्या शिवारातले शब्द वापरा: पिकलेला पेरू, संत्र्याची ताजी साल, वाळलेली साल, कवठाचा गर, बोरं, जांभूळ, चिंचेचा कोळ, पहिल्या पावसानंतरची काळी माती, वाळलेलं तेंदूपान. नियम एकच: वाचणाऱ्याने तो वास घेतलेला असला पाहिजे. आणि 'सुंदर', 'दर्जेदार', 'मस्त' यांना वहीत जागा नको. त्यातून दुकानात उभ्या असलेल्या माणसाला काहीच कळत नाही.

जेवणाचे चार गुण तुमच्या ताटावर ठरतील. मिरचीचा तिखटपणा आणि अल्कोहोलची आग तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या त्याच टोकांना चेतवतात. सावजी रस्सा किंवा पाटवडी रस्सा असेल तर साडेचौदा टक्क्यांची, लाकडी पिंपात मुरलेली कॅबर्ने कितीही चांगली असो, जेवणाला एकच गुण मिळेल. तिथे थंडगार, किंचित गोडसर शेनिन किंवा रोझे, अल्कोहोल साडेबारापर्यंत. वांग्याच्या भरताला भाजल्याचा धुरकट वास असतो, त्याला तरुण शिराझ जमते. रोडगे, वरण आणि वर तुपाची धार असेल तर तूप कापायला आंबट पांढरी हवी. भंडारा-गोंदियाकडच्या तळ्यातल्या माशाला कोरडी सॉव्हिन्याँ. हे गुण देताना ताटात काय होतं ते लिहाच, नाहीतर तो आकडा निरर्थक आहे.

एका नोंदीचा नमुना देते, एवढीच लांबी पुरे: 'नाशिक, शेनिन ब्लाँ, त्याच वर्षीची तोड, फिरकीचं झाकण. 10 अंश. दोष नाही. पिकलेला पेरू, संत्र्याची साल, मागे थोडा मध. किंचित गोड, शेवटी आंबटपणा पुरतो पण अल्कोहोल जरा जाणवतं. चव आठ सेकंद. वास 4, तोल 4, टिकणं 2, ओळख 2, पाटवडीसोबत 3. एकूण 15. पुन्हा घेईन.'

आणि प्रत्येक बाटलीत निदान पाव भाग राखून ठेवा. झाकण लावून, बाटलीतच, फ्रिजमध्ये. घरी दोनच माणसं पिणारी असतील तर बाटली दोन संध्याकाळी जाते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची चव त्यांच्या कामाची आहे आणि ती क्वचितच कुणी लिहितं. पाव बाटली वाइन आणि वर सगळी हवा, ही परीक्षा कडक असते. बऱ्याच स्वस्त रेड त्यात सपाट होतात, काही मात्र आदल्या दिवसापेक्षा मोकळ्या होतात. त्याच तापमानाला, त्याच पेल्यात, पुन्हा चाखा आणि आधीच्या नोंदीखाली एक ओळ लिहा: 'दुसऱ्या दिवशी 13, पेरू गेला, तोल तसाच.'